विजयनगरचा नवा कॉकटेल बार की स्टेशनकडचा जुना? सोबत कोण आहे ते आधी बघा

पुण्या-मुंबईचे पाहुणे महाकालचं दर्शन करून इंदूरला परतले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळूच विचारतातच, "इथे जरा बसायला बरं कुठे आहे?" उज्जैनमध्ये तर १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानं-बार सगळंच बंद झालंय, त्यामुळे ही जबाबदारी आता आपल्याच गळ्यात. आणि सध्या सगळे एकच सांगतात, विजयनगरला तो नवीन कॉकटेल बार उघडलाय ना, तिकडे जा. मी म्हणतो थांबा जरा, स्टेशनकडचा जुना रेक्झिनच्या सोफ्यांवालाही आहे की. दोन्हीची नावं मुद्दाम देत नाहीये, इंदूरवाल्यांना कळतील.

नव्याबद्दल आधी बोलतो कारण डाऊट सगळ्यांना त्याचाच आहे. जागा देखणी, दिवे इतके मंद की मेन्यू मोबाईलच्या टॉर्चवर वाचावा लागतो, आणि नऊनंतर म्युझिक असं वाढवतात की समोरच्याशी बोलायचं तर टेबलावर अर्धं आडवं व्हावं लागतं. मेन्यूचं पहिलं पान म्हणजे सगळं 'इंदोरी' कॉकटेल, ग्लासाच्या काठाला जीरावन (पोह्यांवर टाकतात तो इंदोरी मसाला), कशावर तरी काचेचं झाकण आणि आत धूर, झाकण उघडलं की टेबलावरचे सगळे व्हिडिओ काढणार आणि धूर गेला की खाली उरतो तो नुसता साखरेचा पाक. हे पान सरळ उलटा.

अपवाद एक, त्यांची शिकंजी. आपली इंदोरी शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नाही हे बाहेरच्यांना आधी सांगावं लागतं, दूध, दही, केशर, सुकामेवा असा घट्ट ऐवज असतो तो. हे लोक रम आणि लिंबाच्या रसात मसाल्याचं दूध घालतात, दूध फाटतं, मग ते कापडातून थेंब थेंब गाळतात, चोथ्यात रंग आणि कडवटपणा अडकून राहतो आणि खाली येतं ते जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ. युक्ती जुनीच आहे, बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली अशाच मिल्क पंचची कृती एका पत्रात लिहून पाठवली होती. इथलं थोडं जास्त गोड लागलं, पण वेलची शेवटी जिभेवर येते ती मस्त येते, आणि यामागे कुणाचं तरी डोकं आणि वेळ दोन्ही खर्च झालंय हे कळतं.

बाकी तिथे गेलात तर काउंटरच्या स्टुलावर बसा आणि जुनी क्लासिक कॉकटेल मागा. डाइकिरी (रम, लिंबू, साखर) चांगली, कारण बारटेंडर लिंबू तुमच्यासमोर पिळतो, जिगरने, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्याने, मोजून घालतो, अंदाजपंचे ओतत नाही, आणि शेक करताना शेकर बाहेरून पांढरा पडेपर्यंत थांबत नाही. नेग्रोनीत मात्र गडबड आहे. जिन, कँपारी (कडवट लाल इटालियन दारू) आणि गोड वर्मूथ, तिन्ही सारखं, ३०-३०-३० मिली, यात लपवायला जागाच नाही. वर्मूथ म्हणजे शेवटी मसाले घातलेली वाईनच, बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेवायची असते, आणि यांची बाटली मागच्या शेल्फवर पिवळ्या लाइटखाली शोला उभी. ग्लासात तो सुंदर आरपार बर्फाचा ठोकळा, आणि चव मात्र शिळ्या मनुकांच्या पाण्याची. एवढा खर्च बर्फावर केलात तर एक छोटा फ्रिज घ्या ना भिया!

शाकाहारी मंडळी असतील तर एक विचारून घ्या. व्हिस्की सावरवरचा तो पांढरा फेस बऱ्याच ठिकाणी अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. इथे उकडलेल्या छोल्यांचं पाणी वापरतात, फेस तसाच येतो, मावशींनाही चालेल (मावशी घेत असतील तर).

आता जुना. इथे कॉकटेल मागूच नका, मेन्यूत मोहितो लिहिलेला असतो पण ते हिरवं सिरप आणि सोडा आहे. इथे ओल्ड मंक घ्यायची, वेटर पेग मेजर टेबलावर आणून तुमच्यासमोर ६० मिली मोजतो, सोड्याची बाटली समोर फोडतो, चिरलेलं लिंबू, आणि न मागता चखण्याला लौंग सेव-कांदा. ग्लास जाडजूड, बर्फ धुरकट, पण कुणाला काही फरक पडत नाही. मुख्य म्हणजे बोललेलं ऐकू येतं! वीस वर्षांनी भेटलेला कॉलेजचा मित्र असेल तर दुसरा विचारच करू नका. फॅमिली सेक्शन नावापुरतं आहे, टॉयलेट अगदीच कामचलाऊ, म्हणून बायकोची मैत्रीण किंवा वहिनी सोबत असतील तर मी तरी तिकडे नेणार नाही, विजयनगरच बरं.

पैशांचं म्हणाल तर नव्याकडे एक कॉकटेल सातशेच्या आसपास, वर व्हॅट, तेवढ्यात जुन्याकडे दोघांचं आरामात भागतं. नव्याच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज गुपचूप लावून आला होता, सांगितल्यावर काढला, पण तोंड वाकडं करून. हा चार्ज परस्पर लावता येत नाही, ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरलं, तेव्हा बिल वाचा आणि लाजू नका.

खायचं नव्याकडे फार मागवू नका. भुट्ट्याचा कीस टोस्टच्या दोन तुकड्यांवर चारशे-साडेचारशेला विकतात, तोच सराफ्यात, म्हणजे राजवाड्याजवळच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, द्रोण भरून गरम मिळतो. जुन्याकडून उठलात की रिक्षाने राजवाडा जवळच, सराफा तेव्हा कुठे रंगात येत असतो. विजयनगरहून एवढं अंतर परत यायला अर्धे लोक कंटाळतात आणि उपाशी झोपतात.

गाडी दोन्हीकडे नेऊ नका, रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल घेऊन गाडी चालवताना सापडलात तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा जेलसुद्धा. आणि पाहुण्यांचा पोरगा २१ चा नसेल तर त्याला घरीच ठेवा, नव्याच्या दारावर आधार बघतात. शनिवारी टेबलाला फोन करावा लागतो, काउंटरच्या स्टुलांचं बुकिंग घेत नाहीत, साडेसातच्या आत पोचलात तर मिळतात.