पोत्याखालचा ग्रामोफोन

कुठल्याही मोठ्या शहरात गेलो की माझे पाय आपोआप मुख्य रस्ता सोडतात. जेमतेम एक माणूस जाईल असा बोळ, वर एकमेकांना टेकायला आलेले सज्जे, किल्ल्या हरवलेल्या कुलपांचा ढीग, काटे नसलेली घड्याळं. अशा ठिकाणी मी दिवस दिवस काढतो. ‘हे फक्त मला सापडलं’ असं वाटण्याची एक नशा असते. त्या नशेपायी मी दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढे पैसे घालवले. शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या शहरांत लोक निर्धास्त फिरतील.

बाजाराच्या तोंडाशीच एका दुकानात मी ग्रामोफोन बघत उभा होतो. शेजारी एक तरुण चहा पीत होता. तो हळूच म्हणाला, “काका, इथं बघू नका. हे सगळं टुरिस्टांसाठी असतं. तुम्हाला यातलं कळतं असं दिसतंय.”

खरं तर तिथेच मी फसलो होतो. पुढचं सगळं नुसतं पैसे मोजणं होतं.

दोन बोळ, एक मागचं अंगण, लाकडी जिना. वरच्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात पोतं टाकलेलं काहीतरी होतं. त्यानं पोतं ओढलं, धूळ उडाली आणि पितळी कर्णा चमकला. खाली कोरीव लाकडी पेटी, पेटीवर कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचं चित्र. “पणजोबांनी 1905 साली घेतला,” तो म्हणाला. खाटेवर एक आजी बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “तो विकायचा नाही रे. तेवढीच त्यांची आठवण उरली आहे.” आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

विकायचा नाही म्हटल्यावर माझा जीव वरखाली. मी अर्धा तास आजींची मनधरणी केली. मधेच तरुणाला फोन आला. दुसऱ्या कुणाला तरी तो “अजून ठरलं नाही” असं सांगत होता. शेवटी आजींनी मान हलवली. वाजवून दाखव म्हटल्यावर त्यानं चावी दिली, तबकडी लावली, अर्धा मिनिट गाणं ऐकवलं आणि सुई उचलली. “जुनी तबकडी आहे काका, उगीच झिजवू नये.” मला त्याचं केवढं कौतुक वाटलं! पावती मागायला जीभ रेटली नाही. आजीसमोर पावती कसली मागायची?

घरी आणून पूर्ण तबकडी लावली. गाणारी बाई पहिलं कडवं नीट गायली, दुसऱ्यात तिचा आवाज बसत बसत चक्क पुरुषाचा झाला आणि शेवटी यंत्र हुंदका देऊन थांबलं. मिनिटाला 78 फेऱ्या घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला साधारण तीन मिनिटं चालते. पूर्ण चावी दिल्यावर चांगल्या यंत्रानं तेवढी तरी न दमता वाजवायला हवी.

जुनी यंत्रं दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर शोधून काढले. त्यांनी कर्ण्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेटी सरळ उलटी केली.

“तुमचे हे पणजोबा 1905 साली स्टार स्क्रू कुठून आणत होते?”

तळाशी आठ स्क्रू होते, आठही अधिक चिन्हाच्या खाचेचे. हेन्री फिलिप्सला त्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत मिळालं 1936 मध्ये. एखादा असा स्क्रू असेल तर मागाहून कुणी दुरुस्ती केली असं म्हणता येतं. सगळेच तसे असतील तर पेटीच नवी. मग त्यांनी नाक लावून वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. बुटाच्या पॉलिशचा वास! खऱ्या जुन्या लाकडाची झीज हात लागतो तिथं असते: झाकणाची कड, चावीभोवतीची जागा. माझ्या पेटीचा काळपटपणा सगळीकडे सारखा होता, कुणाचा हात कधी न लागणाऱ्या तळालासुद्धा.

मशीन मात्र जुनं निघालं. झाकण मिटून सुटकेससारखे नेता येणारे स्वस्त ग्रामोफोन पुढे निघाले, त्यांतल्या एखाद्याचं काढलेलं. जमलेलं वंगण तसंच, स्प्रिंग थकलेली. म्हणजे मोडक्या सुटकेसचं पोट, नवी पेटी आणि वर पातळ पत्र्याचा कर्णा. कारागीर म्हणाले, “जुन्या यंत्रांचे कर्णे बहुतेक रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचे असायचे. पण गिऱ्हाइकाला पितळ लागतं ना.” जी नळी सुईचा आवाज कर्ण्यापर्यंत नेते तिच्यावरूनही पुष्कळ कळतं. बऱ्याच खऱ्या यंत्रांत ती सुईकडे बारीक आणि कर्ण्याकडे रुंद होत जाते, कारण आवाज मोठा करण्याचं काम तिथूनच सुरू होतं. माझी नळी मोरीच्या नळासारखी, एकाच जाडीची आणि काटकोनात वाकवलेली.

कुत्र्याचं चित्र नवंकोरं स्टिकर होतं. या कुत्र्याची एक गंमत त्यांनी सांगितली. चित्रकार फ्रान्सिस बराऊडनं मूळ चित्रात त्याला तबकडीऐवजी नळकांडी वाजवणाऱ्या फोनोग्राफसमोर बसवलं होतं. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेताना ते यंत्र खोडून त्याजागी आपला ग्रामोफोन रंगवायला लावला. म्हणजे बिचाऱ्या कुत्र्यासमोरचं यंत्रही बदललेलंच. त्या दिवशी मला यावर हसू आलं नाही.

“कितीला घेतलात?” त्यांनी विचारलं आणि लगेच हात वर केला. “राहू दे, सांगू नका.”

निघताना मी त्यांना विचारलं, बाजारात यातलं काय तपासता आलं असतं? सगळंच, ते म्हणाले. उलटा करायला सांगायचा, टॉर्च मारायचा, वास घ्यायचा, तबकडी शेवटपर्यंत वाजवायची आणि ‘इतक्या सालचा’ हे पावतीवर लिहून मागायचं. जो उलटा करू देत नाही त्याच्याकडून घ्यायचा नाही. मला यातलं साल लिहून मागणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाकीच्या खुणा नकली माल बनवणारेही शिकतात. उद्या ते सरळ खाचेचे स्क्रू लावतील. पण साल लिहून सही करायची वेळ आली की पणजोबांच्या गोष्टी आटोपत्या होतात. आणि आणखी एक माझ्याकडून: दुकान जितकं आड, तितके परत येणारे तक्रारदार कमी. तो जिना, तो अंधार, ती धूळ मला त्या मालाइतकीच जुनी वाटली होती. अंधारात स्क्रू दिसत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग होता.

पंधरा दिवसांनी मी ग्रामोफोन घेऊन परत गेलो. चहावाल्यानं ‘असं कुणी इथं नसतं’ म्हणून सांगितलं. दोन वेळा चुकीच्या अंगणात शिरलो. शेवटी तो जिना सापडला आणि तरुण दारातच भेटला. ओळख दाखवायला तो अजिबात कचरला नाही. स्क्रूचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पण काका, आम्ही विकायला तयार होतो का? आजी नको नको म्हणत होती. तुम्हीच मागे लागलात.”

यावर काय बोलावं ते मला सुचेना. तेवढ्यात जिन्यावरच्या आमच्या बोलण्याची चाहूल लागून आतून आजींचा खणखणीत आवाज आला, “गिऱ्हाईक आलंय का रे? पोतं टाकू त्याच्यावर?”