सोनाटा फॉर्म कानात बसवायला आधी काय ऐकावं: मोझार्टचा पियानो सोनाटा के. ५४५ की बेथोव्हेनचा ओपस ४९ क्र. २?

मिरज-सांगलीत तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाची अडचण एकच: षड्ज हलत नाही हे गृहीत असतं. सोनाटा फॉर्म म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला रचनेचा एक साचा: आधी मांडणी (दोन थीम, म्हणजे मुख्य सुरावटी), मग विकास, मग त्याच थीमचं पुनरागमन. त्याचा सगळा खेळ षड्ज हलवण्यात आहे. म्हणून पेटी जवळ ठेवा आणि दोन्हींची पहिली मूव्हमेंटच (पहिला भागच) ऐका.

मोझार्टचा (१७८८) सोनाटा जास्त प्रसिद्ध. पेटीवर पांढरी एकचा (सी सुराचा) षड्ज धरा. १४व्या बारपासून (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) दुसरी थीम येते, तेव्हा षड्ज पांढरी पाचवर गेलेला असतो. मांडणी २८ बारची, मधला विकास जेमतेम १३ बारचा. गोंधळ पुढे होतो. ४२व्या बारला पहिली थीम परतते, पण पांढरी चारवर! घरचा षड्ज ५९व्या बारला, दुसऱ्या थीमबरोबर सापडतो. ‘थीम आणि षड्ज एकत्र परततात’ हा नेहमीचा नियम नवख्याला इथे दिसतच नाही.

बेथोव्हेनचा सरळ आहे. घर पांढरी पाच, दुसरी थीम पांढरी दोनवर. ५३व्या बारपासून विकास, ६७व्याला थीम आणि षड्ज दोन्ही घरी. पुढे दुसरी थीमही पांढरी पाचवरच. पाठ्यपुस्तकी म्हणा हवं तर. सुरुवातीला तेच हवं.

तेव्हा आधी बेथोव्हेन, मग मोझार्ट. बार मोजताना एक सांभाळा: मांडणी बहुधा दोनदा वाजवतात. दुसरी फेरी म्हणजे पुनरागमन नव्हे. तपासायला दुसरी थीम पकडा. ती अजून परक्या षड्जावर असेल, तर मांडणीच चालू आहे.