जुन्या अँड्रॉइडवरील विस्कटलेली पाने : उपायानंतरचे आठ महिने

बाबांचा 2017 साली घेतलेला फोन अँड्रॉइड 7 वरच थांबलेला आहे. 2 जीबी रॅम आणि 16 जीबी साठवण. गेल्या मे महिन्यात बिल भरण्याच्या एका ॲपमधील पान अचानक विस्कटले. शेजारी-शेजारी दिसायला हवेत ते चौकोन एकाखाली एक पसरले, बटणे एकमेकांना चिकटली आणि पैसे भरण्याचे बटण तळाशी अर्धे कापले गेले. सीताबर्डीतील एका दुरुस्तीच्या दुकानात ‘डिस्प्ले गेला, बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. उन्हाने फोन तापल्यामुळे हे झाले असावे, हे घरात सर्वांना पटलेही. मे महिन्यात नागपुरात कशाचाही दोष उन्हावर ढकलता येतो.

मला शंका आली म्हणून मी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून माझ्या फोनवर पाहिला. तिथेही पान तसेच तुटलेले होते. पडदा खराब असता, तर स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर स्वच्छ दिसला असता. तेच पान फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये मात्र नीट उघडत होते, आणि खरा धागा तिथेच सापडला, कारण फायरफॉक्स पाने मांडण्यासाठी स्वतःचे इंजिन वापरतो, तर ॲपच्या आतील वेबपाने फोनमधील ‘वेबव्ह्यू’ हा घटक दाखवतो. अँड्रॉइड 7 ते 9 या आवृत्त्यांत वेबव्ह्यूचे काम सहसा क्रोमच करतो. क्रोम बंद केला, तर फोनसोबत आलेला स्वतंत्र वेबव्ह्यू पुढे येतो. बाबांनी जागा वाचवण्यासाठी क्रोम बंद केला होता आणि डेटा वाचवण्यासाठी आपोआप होणारे अपडेटही. त्यामुळे 55 क्रमांकाच्या आवृत्तीचा जुना वेबव्ह्यू काम करत होता. पानाची जाळीदार मांडणी करणारी सीएसएस ग्रिड क्रोममध्ये आवृत्ती 57 पासून, तर फ्लेक्स मांडणीत (घटक एका ओळीत लावण्याची पद्धत) घटकांमधील अंतर ठेवणारा ‘गॅप’ हा गुणधर्म 84 पासून चालतो. चौकोन का पसरले आणि बटणे का चिकटली, याचा उलगडा एवढ्यावरच झाला.

सेटिंग्जमधून क्रोम पुन्हा सुरू केला, प्ले स्टोअरवरून अपडेट केला आणि फोन बंद करून चालू केला. सेटिंग्जमधील फोनच्या माहितीत दिसणाऱ्या बिल्ड क्रमांकावर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स हा एरवी लपलेला विभाग उघडला आणि वेबव्ह्यू म्हणून क्रोमच निवडलेला असल्याची खात्री केली. खर्च शून्य. (अँड्रॉइड 5, 6 किंवा 10 असेल, तर प्ले स्टोअरवर ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ हेच अपडेट करावे. अनोळखी संकेतस्थळावरून त्याची फाइल मात्र उतरवू नये.)

आठ महिन्यांत ते पान पुन्हा बिघडले ते एकदाच, त्याविषयी खाली. तक्रारी मात्र आहेत. क्रोमने जागा खाल्ली, त्यामुळे बाबांना सकाळच्या शुभेच्छांची बरीच चित्रे पुसावी लागली, आणि ते दुःख अजून ओसरलेले नाही. नवे इमोजी रिकाम्या चौकटीच दिसतात, कारण ते फोनच्या जुन्या फॉन्टमध्ये नाहीत. त्यावर वेबव्ह्यूचा इलाज चालत नाही. शिवाय अँड्रॉइड 7 साठी क्रोमची 119 ही 2023 मधील आवृत्ती शेवटची ठरली. त्यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्यामुळे बँकेचे सर्व व्यवहार मी आईच्या नव्या फोनवर हलवले आणि या फोनवर बिल फक्त पाहायचे, असे ठरले.

ऑक्टोबरमध्ये पान पुन्हा विस्कटले, तेव्हा दोन मिनिटांत कारण कळले : बाबांनी जागेसाठी क्रोम परत बंद केला होता. आता त्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये फोटो आपोआप उतरणे मी बंद केले आहे. ते त्यांच्या अजून लक्षात आलेले नाही.