जुना केग: बॉल लॉक की पिन लॉक?
अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांच्या हाती येणारे जुने केग (दाबाखाली पेय साठवायच्या स्टीलच्या टाक्या) मुळात कोल्ड्रिंकचे. नळी जोडायच्या पद्धतीवरून त्यांचे दोन प्रकार: बॉल लॉक पेप्सीकडचे, पिन लॉक कोका-कोलाकडचे. दोन्हींत साधारण १९ लिटर मावतं. पिन लॉक बुटका, रुंद. कमी उंचीच्या फ्रिजमध्ये बसतो. गॅस आत सोडायच्या तोंडाला दोन पिना, बिअर बाहेर काढायच्या तोंडाला तीन, त्यामुळे नळ्यांची अदलाबदल होतच नाही. हे मला फार आवडतं. पण बऱ्याच जुन्या झाकणांना हाताने दाब सोडायची सोय नसते, आणि तोंडं खोलायला खाचांचा खास पाना लागतो. नवख्याने चार पैसे जास्त मोजून बॉल लॉकच घ्यावा. सुटे भाग सहज मिळतात. कुठलाही घेतलात तरी रबरी रिंगा सगळ्या बदला, नाहीतर बिअरला जुन्या सरबताचा वास!