अर्धवट तयारी, पूर्ण मॅरेथॉन : टाइम प्रेडिक्टरवर किती भिस्त ठेवावी?

ऑक्टोबरात व्हायरल, डिसेंबरात घरची लग्नं, मधेच गुडघ्याने मान टाकलेली. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला सीएसएमटीसमोर उभ्या राहणाऱ्या पुष्कळ हौशी धावकांची वही अशीच असते. आठवड्याला जेमतेम ३५ किलोमीटर, सर्वांत लांब रन २६ चा. मग शेवटच्या आठवड्यात टाइम प्रेडिक्टर, म्हणजे शर्यतीला किती वेळ लागेल हे सांगणारं गणक, उघडला जातो, तो एक छानसा आकडा देतो आणि तोच आकडा मनगटावरच्या पेस बँडवर (किलोमीटरगणिक वेळांच्या पट्टीवर) छापला जातो. हे प्रेडिक्टर वाईट नाहीत. फक्त ते गृहीत काय धरतात, हे पडद्यावर कुठे ठळक लिहिलेलं नसतं.

सर्वांत जास्त वापरलं जातं ते पीट रीगल यांचं १९७७ चं सूत्र. नेटवरचे बहुतेक फुकट गणक आतून तेच चालवतात. अंतर दुप्पट झालं की वेळ नुसता दुप्पट न होता २ चा १.०६ वा घात, म्हणजे २.०८५ पट होतो. हाफ (२१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन) २ तास ५ मिनिटांत झाली असेल, तर फुलचं (४२.२ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनचं) भाकीत ४ तास २० मिनिटं ३७ सेकंद. पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ, ६:१०. दहा किलोमीटरवरून हाफचा अंदाज काढायला हे सूत्र उत्तम आहे. हाफवरून फुलचा काढताना मात्र घसरतं. व्हिकर्स आणि व्हर्टोसिक या संशोधकांनी २०१६ मध्ये हौशी धावकांच्या वेळा तपासल्या, तेव्हा निम्म्या धावकांना सूत्राने सांगितल्यापेक्षा किमान दहा मिनिटं जास्त लागलेली दिसली. कारण सरळ आहे. १.०६ हा आकडा भरपूर मायलेज असलेल्या पायांचा आहे. हाफपर्यंत दम पुरतो. तिशीनंतर, म्हणजे तिसाव्या किलोमीटरच्या पुढे, साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) आणि मांड्यांची सहनशक्ती लागते. ती लाँग रनमधूनच येते.

उपाय सूत्राच्या आतच आहे, घात बदला. आमचा ठोकताळा असा : आठवड्याला ५० ते ६० किलोमीटर आणि २८ च्या वरचे दोन-तीन रन झाले असतील तर १.१०. वर सांगितल्यासारखी ३५-२६ ची वही असेल तर १.१५. मग २:०५ ची हाफ देते ४ तास ३७ मिनिटं, पेस ६:३४. किलोमीटरमागे २४ सेकंदांचा फरक. ऐकायला मामुली वाटतो.

हिशेब करून बघा. गणकावर विसंबलेला धावक ६:१० ने ३० किलोमीटर ३ तास ५ मिनिटांत गाठतो. पुढे पोटरीत गोळे आले आणि पेस ९ वर आला, तर उरलेल्या १२.२ किलोमीटरना १ तास ५० मिनिटं जातात. एकूण ४:५५. तिशीपर्यंत कमावलेली १२ मिनिटं शेवटच्या टप्प्यात दामदुपटीने परत जातात.

मनगटी घड्याळांचं भाकीत वेगळ्या वाटेने येतं. धावण्याचा वेग आणि हृदयाचे ठोके यांवरून व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा) अंदाज आणि त्यावरून वेळ. गार्मिनच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय की हे भाकीत त्या शर्यतीची योग्य तयारी पूर्ण झाली आहे असं धरून केलेलं असतं. म्हणजे नेमकं जे झालेलं नाही तेच! काही नवी मॉडेल सरावाचा इतिहासही विचारात घेतात, तरी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, कमाल ठोके ‘२२० वजा वय’ यावर सोडले आहेत का. ते चुकले की पुढचं सगळं चुकतं. दुसरी, पट्टा. सैल असेल तर सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडतो आणि आरामात धावतानाही १६५-१७० दाखवत बसतो.

यासो ८०० या सरावचाचणीची गोष्ट लवकर संपते. ८०० मीटरच्या दहा फेऱ्या, प्रत्येकी ४ मिनिटं २० सेकंदांत, मधे तितकाच वेळ जॉग. जमलं तर मॅरेथॉन ४ तास २० मिनिटांत, असा दावा. वेगवान धावणं एकूण आठ किलोमीटर. वेग मोजायला ठीक, पस्तिसाव्या किलोमीटरबद्दल ते काहीही सांगत नाही. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत तर करूच नये. तेव्हाच सुचणारा ‘राहिलेला ३२ चा रन उरकून टाकू’ हा विचारही त्याच जातीचा. त्याचा फायदा शर्यतीपर्यंत पोचत नाही, थकवा मात्र पोचतो.

आता ६:३४ प्रत्यक्षात कसा धावायचा? या तयारीला सलग धावण्यापेक्षा ठरवून चालणं चांगलं लागू पडतं. अडीच किलोमीटरच्या प्रत्येक टप्प्यात २.४ किलोमीटर ६:२५ ने धावा आणि १०० मीटर एका मिनिटात चाला. सरासरी बरोबर ६:३४ येते. अट एकच, पहिल्या टप्प्यापासून चालायचं. मरीन ड्राइव्हवर गार वारा आहे, पाय ताजे आहेत, शेजारून लोक सुसाट जातायत, तेव्हाच चालायला लाज वाटते, आणि कामी येतं ते तेव्हाचंच चालणं. पाय जड झाल्यावर सुरू केलेल्या चालण्याने पाय परत मिळत नाहीत.

तिशीला ३ तास १७ मिनिटं झाली असतील. इथे पोटरी फडफडायला लागली तर ४ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं यावर या. पेस ६:५५ होतो आणि एकूण वेळ ४:४१. फक्त चार मिनिटांचं नुकसान. मुंबईत पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षे परतीच्या वाटेवर, नेमका तिशीच्या पुढे येत आला आहे आणि तोवर ऊनही चढलेलं असतं. तो चढ झपझप चालत घ्यावा.

एनर्जी जेल (धावताना खायचं गोड, घट्ट पाकीट) दर ४० मिनिटांना एक, एकूण सहा. एकात साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं. सोबत साधं पाणी. गोड स्पोर्ट्स ड्रिंकवर जेल घेतलं की पोटात ढवळतं. पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक टेबलावर बाटली रिकामी केली तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तो प्रकार जिवावर बेतू शकतो.

शेवटची सूचना घड्याळाबद्दल. वळणं आखूड कापता येत नाहीत, उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं, त्यामुळे शर्यत संपताना ते ४२.६ दाखवू शकतं. त्या ४०० मीटरना अडीच मिनिटं जातात. म्हणून ऑटो लॅप (घड्याळाने स्वतःच दर किलोमीटरची नोंद करणं) बंद करा, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी हाताने लॅप दाबा, आणि भाकिताचं पान आदल्या रात्रीच पडद्यावरून काढून टाका.