मोफत तपासणी, गाडीचा सायलेन्सर आणि मावशीचा बंब

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत मोफत शिबिरांचं पीक येतं. डोळे, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा, आणि गेल्या वर्षी त्यात भर पडली 'मोफत वाहन तपासणी'ची. हे मोफत आम्हाला पन्नास हजारांच्या पुढे पडलं. त्याच सुमाराला सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीला एका भंगारवाल्यानं गंडवलं. दोन्हीकडची माणसं वेगळी, तरी रीत एकच. कुलूप तोडायचं नाही, रात्री यायचं नाही. दिवसाढवळ्या यायचं, गोड बोलायचं, मालकाकडून 'हो' म्हणवून घ्यायचं आणि त्याच्या देखत धातू घेऊन जायचं. मालकाचा तो 'हो' पुढे पोलीस चौकीत किती छळतो, ते सांगण्यासाठीच मुख्यतः हे लिहितोय.

आधी गाडीचं. मी आणि धाकटा भाऊ मिळून जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय करतो. गाडी मारुतीची इको व्हॅन, पेट्रोलवरची, २०२१ ची. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मोठी छत्री, टेबल, डांगरी घातलेली दोन पोरं आणि शर्टावर कंपनीचं नाव भरतकाम केलेला एक गोड बोलणारा माणूस, असा सरंजाम होता. टायरमध्ये हवा भरली, बॅटरीचं पाणी बघितलं, सेक्रेटरींच्या गाडीचे वायपरही बदलून दिले. मग आमच्या गाडीखाली डोकं घालून तो म्हणाला, "दादा, सायलेन्सरवरचा पत्रा सैल झालाय, खरखर येतेय ऐका. वेल्डिंग मारून देतो, तीनशे रुपये. इथे वेल्डिंग काढलं तर तुमचे सोसायटीवाले ओरडतील. आमचं वर्कशॉप धायरीला आहे, दुपारच्या आत गाडी आणून देतो." खरखर खरंच येत होती. रोज खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीचा तो पत्रा सैल होतोच. भावानं चावी दिली, पावती घेतली. गाडी दुपारी परत आली ती चक्क धुऊन पुसून. भाऊ त्यावरच खूश.

गाडीतून काय गेलं ते आम्हाला कळलं पावसाळा संपल्यावर, पीयूसी संपली तेव्हा. यंत्राची नळी लावली आणि केंद्रावरचा मुलगा आकडा बघून म्हणाला, "काका, नापास." या गाड्यांना आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. आमचा त्याच्या दुपटीच्या वर होता. मधल्या काळात आवाज थोडा पोकळ, फटफट असा झाला होता आणि गाडी सुरू केली की पार्किंगमध्ये डोळे चुरचुरायचे, पण जुनी होत चाललेली गाडी म्हणून त्याकडे कोण बघतो. ओळखीच्या मेकॅनिकनं गाडी रॅम्पवर घेतली. एक्झॉस्टच्या नळीत सुरुवातीलाच जो फुगीर डबा असतो, त्याला कडेनं ताजं वेल्डिंग होतं आणि वरून चंदेरी रंगाचा फवारा मारलेला. रबरी हातोडीनं ठोकल्यावर तो रिकाम्या पिंपासारखा वाजला.

तो डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात सिरॅमिकची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा पातळ थर. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं रूपांतर तिथे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन यांत होतं. एका गाडीत हे धातू ग्रॅममध्ये मोजावे इतकेच असतात, पण भाव सोन्याच्या पंगतीतले. २०२१ च्या मार्चमध्ये रोडियम औंसाला जवळपास २९,००० डॉलरवर गेलं होतं. त्या सुमाराला इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या पुणे जिल्ह्यातूनही येत होत्या. आता भाव तेवढा नाही, तरी धंदा थांबलेला नाही. जाळी फोडून तिचा जो भुगा होतो त्याला या धंद्यात 'माती' म्हणतात आणि ती किलोवर विकली जाते. डबा विकायचाच नसतो, म्हणून तो मालकाला सभ्यपणे परत जोडून मिळतो.

इकोच का, हेही मेकॅनिकनं दाखवलं. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली, एक्झॉस्टची सगळी नळी पोटाखाली उघडी, आणि गाडी जमिनीपासून बऱ्यापैकी उंच. जॅक न लावता माणूस खाली सरकू शकतो. छोट्या हॅचबॅकमध्ये हाच डबा बहुतेकदा बॉनेटखाली इंजिनला चिकटून असतो, तिथे हात घालायला वेळ लागतो.

मला प्रश्न पडला तो डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याचा. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या, गाडीत कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. जाळी काम करेनाशी झाली की मागचा सेन्सर ओरडतो आणि इंजिनचा दिवा लागतो. आमचा लागला नव्हता. कारण मागच्या सेन्सरखाली बोटाच्या पेराएवढा पोकळ तुकडा बसवून त्याला धुराच्या झोतापासून थोडा वर उचलून ठेवलं होतं. त्यामुळे त्याला सगळं आलबेल वाटत राहिलं. इतकं डोकं लावणारी माणसं तीनशे रुपयांची पावतीही देतात. पावतीवरचा पत्ता अर्थातच अस्तित्वात नव्हता, नंबर बंद होता.

सोसायटीत ही गोष्ट पसरली तेव्हा पहिला संशय कोणावर यावा? सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंवर! "भंगार त्याच तर नेतात," हे एका उच्चशिक्षित गृहस्थांचं मत. या ताई 'स्वच्छ' या संस्थेच्या. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. गळ्यात ओळखपत्र घालून रोज त्याच गेटातून येणाऱ्या बाईवर संशय, आणि रविवारी एकदाच उगवलेल्या भरतकामवाल्याला चहा. पुण्यात इस्त्रीच्या शर्टाला फार मान आहे.

आता मावशीचं. मावशी पंच्याहत्तरीची, वाड्यात एकटी राहते. मोरीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता, मधली नळी, खाली निखाऱ्यांची जाळी, पुढे पितळी तोटी. गॅसचा गीझर आल्यापासून तो नुसता उभा. काजळी धरून पार काळा झालेला. वाडा विकसनाला जाणार म्हणून आवराआवर चालली होती, आणि हे गल्लीत कसं कळतं देव जाणे, दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात. नेहमीचा नव्हे. "आजी, हे लोखंड आहे, वर तांब्याचा मुलामा मारलाय. बघा, चुंबक लावून दाखवतो." चुंबक त्यानं लावलं ते खालच्या लोखंडी जाळीला. चिकटलं. मग झाकण उघडून आतली पांढरी कल्हई दाखवली, "तांबं असतं तर आतून लाल नसतं का?" मावशीनं जन्मभर कल्हईची भांडी वापरलेली. पण समोर चुंबक चिकटलेलं दिसतंय आणि माणूस 'आजी आजी' करतोय म्हटल्यावर ती बिचारी काय बोलणार. आकड्याच्या काट्यावर टांगून त्यानं बंब तोलला, खालून पायाचा टेकू होता असं समोरच्या वहिनी आता सांगतात, आणि लोखंडाच्या भावानं पैसे दिले. वर पितळेची दोन पातेली आणि पिंप 'जर्मनच्या भावात' उचललं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, पितळेच्या निम्म्यानंही जात नाही.

लोखंडाच्या मोडीला किलोमागे पंचवीस-तीस रुपये येतात आणि तांब्याच्या मोडीला सातशेच्या वर. दहा-बारा किलोच्या बंबात हा फरक किती होतो त्याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. चुंबक लावायचंच असेल तर बंबाच्या पोटाला लावा, आणि आपलं लावा, फ्रीजवरचं चालतं. तांबं आणि पितळ दोन्हीला ते चिकटत नाही. कोपऱ्यात पॉलिशपेपर घासला की काजळीखालून लाल रंग निघतो. कसबा पेठेत तांबट आळीत अजून हातानं ठोकून भांडी घडवणारे कारागीर आहेत. मावशीच्या बंबाचा जुना फोटो मी तिथे एकाला दाखवला तर तो हळहळला. म्हणाला, "मोडीत कशाला जाईल हा? ठोक्याचं काम बघा. उजळवून एखाद्या हॉटेलात किंवा फार्महाऊसवर झाड लावायला उभा असेल." मी बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातही चक्कर मारली. असे बंब दिसले, मावशीचा दिसला नाही.

काट्याबद्दल एक गोष्ट. व्यापारासाठी वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर शिक्का असावा लागतो. दारात येणाऱ्याला तो शिक्का दाखव म्हणावं. नसेल तर आपण आपल्या वजनकाट्यावर आधी स्वतः वजन घेऊन ठेवावं. हातात बंब धरून उभं राहायचं आणि नंतर आपलं वजन वजा करायचं, इतकं सोपं आहे.

पोलिसांकडे दोन्ही प्रकरणं गेली. भावाला सुरुवातीला सांगितलं, "ऑनलाइन गहाळ वस्तूची नोंद करा, लगेच प्रिंट मिळते." असलं काही करू नका. ती नोंद हरवलेल्या मोबाइल-पाकिटासाठी आहे, त्यावर तपास होत नाही. आमची वस्तू हरवली नव्हती. मग दुसरा प्रश्न, "चावी तुम्हीच दिली ना?" दिली, पण वेल्डिंगसाठी दिली, आतली जाळी काढायला नाही. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे आणि फसवणुकीचं ३१८. मालकाच्या संमतीशिवाय नेलं तर पहिलं, खोटं सांगून त्याच्याकडूनच घेतलं तर दुसरं. मावशीचा बंब सरळ ३१८ मध्ये बसतो, कारण तिनं दिला हे खरंच आहे आणि लोखंड म्हणून दिला हेही तितकंच खरं. चोरीचा माल माहीत असून घेणाऱ्याला ३१७ लागतं. हे आकडे तोंडपाठ असले की ठाणे अंमलदाराचा सूर बदलतो, हा अनुभव.

आता यातली खरी मेख. तक्रारीत किंमत लिहायची वेळ आली तेव्हा भाऊ लिहायला निघाला, 'जुना सायलेन्सर, अंदाजे ३,००० रुपये'. नशिबानं आमच्या ओळखीच्या एक वकीलबाई सोबत होत्या, त्यांनी हात धरला. नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे एनसी, नुसती अदखलपात्र नोंद, लिहून देतात, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. भंगाराचा भाव लिहिला की आपणच आपलं प्रकरण गुंडाळून ठेवतो. आम्ही अधिकृत सेवा केंद्राकडून नव्या कन्व्हर्टरचं लेखी कोटेशन घेतलं, ते जोडलं, मेकॅनिककडून कापलेल्या डब्याचे फोटो आणि त्या फसव्या तुकड्यासह लेखी अहवाल घेतला, पीयूसीचा नापास कागद लावला. मग एफआयआर झाला. प्रत मागितली, ती मोफत मिळते. ठाण्यात घेतच नसतील तर तक्रारीचा मजकूर पोस्टानं वरिष्ठांना, म्हणजे पुण्यात उपायुक्तांना पाठवता येतो, आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ही सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे.

आमच्याकडे पुरावा कमी पडला तो चित्रीकरणाचा. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जुनं आपोआप पुसलं जातं आणि आम्हाला कळेपर्यंत शिबिराचा रविवार केव्हाच पुसला गेला होता. म्हणून गाडी परक्या हातात द्यायच्या आधी मोबाइल गाडीखाली धरून सायलेन्सरच्या नळीचा एक व्हिडिओ काढावा, आणि गाडी परत आल्यावर लगेच दुसरा. नवं वेल्डिंग, ताजा रंग, वेगळे बोल्ट त्यात दिसतात. कुठलाही भाग 'बदलला' म्हणून सांगितलं तर जुना भाग मागून घ्यावा, मोडका असला तरी. एसीवाल्यांनाही हेच लागू. उन्हाळ्यात 'गॅस गेलाय, पाइप बदलावा लागेल' म्हणत तांब्याची नळी काढून नेतात आणि जागेवर ॲल्युमिनियमची टाकतात. आमच्या शेजारच्या विंगमध्ये झालंय.

नवा कन्व्हर्टर बसवताना भावानं मेकॅनिककडून डब्यावर गाडीचा नंबर पंच करून घेतला आणि भोवती लोखंडी पिंजरा वेल्ड केला. कापायला आलेल्याला वेळ लागेल इतकाच त्याचा उपयोग. विम्याचा दावा टाकलाय. तिथल्या माणसानं फोनवर पहिलं वाक्य विचारलं ते "एफआयआर आहे की गहाळची नोंद?" सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला. घसारा वजा करून काय हातात पडतंय ते अजून ठरायचंय, आणि मावशीच्या अर्जावर तपास अधिकाऱ्यांनी वहिनींचा जबाब घ्यायला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.