आठ महिने ट्रॅव्हलरमध्ये राहून: काय टिकलं, काय निसटलं

आधी गाडीचं सांगते, कारण तिच्याबद्दल तक्रार फारशी नाही. जुनी फोर्स ट्रॅव्हलर (मिनीबस) घेतली, मागे राहायची सोय करून घेतली, जूनमध्ये सांगलीहून निघालो आणि फेब्रुवारीत परत आलो. कोकण, कारवार-उडुपीचा किनारा, मग एकदम वर हिमाचलातलं स्पिती, येताना राजस्थान आणि कच्छ. एवढ्यात ऑइल-फिल्टर, एकदा क्लचप्लेट आणि तीन पंक्चर. ट्रॅव्हलरचं काम कुठल्याही तालुक्याच्या गावी होतं, घेताना तोच हिशेब होता.

कटकट केली ती मागच्या घराने. ओटा, पलंग, १०० लिटरची टाकी, थेट बॅटरीवर चालणारा डीसी फ्रिज, छतावर सोलर, पलंगाखाली १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, हे सगळं एका वर्कशॉपकडून बसवून घेतलं. काम देखणं होतं. दाखवायला आलेले नातेवाईक तर ओट्यावरून हात फिरवून जायचे. वायरिंग मात्र कोणी उघडून पाहिलं नाही, आम्हीही नाही.

रत्नागिरीला पोचेपर्यंत फ्रिज दिवसातून चार वेळा बंद पडू लागला. बॅटरी तर भरलेली. फ्रिजच्या कंपनीला फोन केला तर म्हणे फ्रिज पाठवून द्या. जुलै महिना होता. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे तिथल्या मिरकरवाडा बंदरात बोटी उभ्या होत्या आणि त्यांची कामं करणारे लोकही तिथेच. बोटींचं वायरिंग करणाऱ्या एका चाचांना नवरा घेऊन आला. त्यांनी मीटर आधी बॅटरीला लावला, १३.१ व्होल्ट. मग फ्रिज चालू असताना त्याच्या पिनेवर, ११.६. मग फ्रिजच्या मागे हात घालून वायरचा जोड बोटांनी चाचपला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. चांगलाच गरम होता. दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली.

"ताई, ही घरातल्या दिव्याची वायर. बोटीवर असली लावली तर मला समुद्रात टाकतील."

दीड एमएमची वायर, बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सात मीटर. २३० व्होल्टला चालून जातं. १२ व्होल्टला तेवढ्याच कामाला करंट कितीतरी पटीने जास्त लागतो आणि बारीक वायर वाटेतच व्होल्टेज खाते. सहा एमएमची वायर, टोकांना दाबून बसवलेले लग (धातूचे जोड), वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) आणि बॅटरीजवळ फ्यूज, असं सगळं चाचांनी नव्याने केलं. पिनेवर १२.९ आले. तो फ्रिज आजतागायत बंद पडलेला नाही. माझं मत विचाराल तर कॅम्पर, म्हणजे अशी राहायची गाडी, घेताना पडद्यांचे रंग नंतर बघा, आधी मीटर घेऊन जा. पाचशे रुपयांचा पुरतो.

गळती ही दुसरी गोष्ट. आंबा घाटातल्या पावसातच छताच्या पंख्याच्या कडेने पाणी आलं होतं. पण टपकायचं तीन फूट पुढे, माझ्या उशीवर, कारण ते प्लायवरून घरंगळत यायचं. वर्कशॉपने चौकटीला सिलिकॉन फासलं होतं. नवऱ्याने त्यावर अजून सिलिकॉन फासलं. चारच दिवस टिकलं. जुन्या सिलिकॉनवर दुसरं काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. शेवटी उडुपीजवळच्या मलपे बंदरात, फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या पोराने उघडीप बघून पंखाच खाली काढला, सगळं खरवडलं, खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट लावलं. खरवडण्यातच अख्खी दुपार गेली. (प्लायचा तो काळा डाग अजून आहे. त्यावर कॅलेंडर लावलंय.)

पाण्याच्या पंपाचं एक सांगून ठेवते. नळ उघडला की दाब उतरतो, पंप आपोआप सुरू होतो. रात्री सगळे नळ बंद असताना तो दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा सेकंद घुर्रर्र करायला लागला, तर समजा कुठेतरी थेंब सुटतोय. सिंकखाली वर्तमानपत्र पसरून झोपायचं, सकाळी जिथे ओलं तिथे जोड सैल. आरओ फिल्टरवाल्याकडे बऱ्याचदा अशी फिटिंगं मिळून जातात.

स्पितीत ऑक्टोबरच्या सकाळी लख्ख ऊन, पॅनल स्वच्छ आणि चार्जिंग शून्य. मी सगळे फ्यूज काढून पाहिले. बिघाड नव्हताच: लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून तिच्या आतलं सर्किटच चार्जिंग तोडतं. माझ्या गुडघ्यांसाठी घेतलेली गरम पाण्याची पिशवी बॅटरीला टेकवली, वर गोधडी. दोन तासांनी चार्जिंग सुरू. पुढचे आठ दिवस गुडघे तसेच राहिले.

गाडीतल्या एसीबद्दल थोडक्यात. रात्रभर चालेल असं सांगितलं गेलं होतं. बॅटरीत अडीच युनिटं वीज, एसी तासाला एक युनिटाच्या आसपास खातो. गणित आम्हीही करू शकलो असतो.

आणि टॉयलेट. २० लिटरचा सुटा डबा, दोघांना तीन दिवस. रिकामा करायला पेट्रोलपंपावर किंवा सुलभ शौचालयात आधी विचारायचं, पैसे द्यायचे, नंतर स्वतः दोन बादल्या पाणी मारायचं. महाराष्ट्र आणि केरळ, दोघांचीही कॅराव्हॅन धोरणं २०२१ मध्ये आली, पण आम्ही मुक्काम केलेल्या एकाही ठिकाणी हा डबा ओतायची वेगळी सोय दिसली नाही. हे काम सुरुवातीपासून नवऱ्याकडे आहे, वायरिंग माझ्याकडे. अदलाबदलीचा विषय तो दर महिन्याला काढतो.

सध्या गाडी दारात उभी आहे. पाण्याच्या पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) बदलायचाय आणि कपाटांच्या चुंबकाच्या कड्या काढून दाबायच्या खिटक्या लावायच्यात. भुजजवळच्या एका गतिरोधकावर उघडलेल्या कपाटातली तूरडाळ अजूनही झाडताना सापडते.